एअर रायफलचा लाकडी दस्ता घरी बनवायचा असेल तर

बाजारात मिळणारी एअर रायफल एका ठरावीक उंचीच्या, ठरावीक हाताच्या माणसासाठी बनवलेली असते. तो माणूस तुम्ही नसलात तर मान वाकडी करून नेम धरता, खांदा पुढे ढकलता, गाल लाकडावर टेकतच नाही, आणि कागदावर छऱ्यांच्या भोकांचा गट पसरला की दोष छऱ्यांना देता. दस्ता, म्हणजे ज्याला सगळे स्टॉक म्हणतात तो, आपल्या मापाचा असला की यातलं बरंचसं आपोआप सुटतं. घरच्या घरी, हातानं, साध्या सुतारी हत्यारांवर तो बनवता येतो. मी सोलापुरात राहून हे काम केलंय, त्यामुळे इथली हवा, इथलं लाकूड आणि इथे काय सहज मिळतं त्या हिशोबानंच लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. पैसे वाचवायला हे करणार असाल तर नका करू. लाकूड, हत्यारं, पॉलिश आणि पटाशीला लागणारी धार यांचा खर्च धरला तर तयार दस्ता स्वस्त पडेल. हे काम मापासाठी करायचं. वेळही हाताशी ठेवा. रविवार-रविवार बसणार असाल तर दोन-तीन महिने सहज जातात.

१. कायदा आणि कागदपत्रं

हा लेख फक्त एअर रायफलसाठी आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी (०.१७७ इंच) पर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. त्यापुढची असेल तर लागतो. घरात परवान्याची बावीस किंवा बारा बोअरची बंदूक असेल तर तिच्या लाकडाला स्वतः हात लावू नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हे परवाना असलेल्या कारागिराचं काम आहे, तिथेच द्या.

एका फाइलमध्ये एवढं ठेवा:

- रायफलीचं पक्कं बिल. त्यावर मॉडेल आणि क्रमांक दोन्ही असावेत.
- खरेदीच्या वेळी दिलेल्या ओळखपत्राची प्रत.
- लाकडाचं बिल. साग किंवा शिसव घेणार असाल तर हे टाळू नका. "माझ्या शेतातलं झाड आहे, तोडून देतो" असं म्हणणारे भेटतात, पण ही झाडं खासगी जमिनीवरची असली तरी तोडायला परवानगी लागते. वखारीतून बिलावर घेतलेलं लाकूड बरं.
- स्पर्धेत उतरणार असाल तर त्या गटाच्या नियमांची प्रत.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलीचं कमाल वजन ५.५ किलो आहे, आणि अंगठा आरपार जाईल असं भोक असलेला दस्ता चालत नाही. इंटरनेटवर दिसणारे सगळ्यात देखणे दस्ते नेमके तसलेच असतात. शालेय किंवा ओपन साइट (नेम धरायला मागे उघडी खाच आणि नळीच्या टोकाला माशी) गटात खेळणाऱ्यांनी आपल्या प्रशिक्षकांना नमुना दाखवूनच लाकडाला करवत लावावी. तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही कोल्हापूरची नावं ऐकून आपल्याकडची पोरं आता नेमबाजीकडे वळतायत. अशा पोरासाठी दस्ता बनवत असाल तर त्याची उंची अजून वाढणार आहे हे लक्षात ठेवून मागे जागा सोडा. त्याबद्दल पुढे येईलच.

आणि गच्चीवरून कबुतरं, पोपट, होले मारण्याच्या कल्पनेनं कुणी हे वाचत असेल तर त्यानं इथेच थांबावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. माळढोकासाठी नान्नजला अभयारण्य असलेल्या जिल्ह्यात तरी हे वेगळं सांगायला नको.

२. माप आधी शरीराचं, मग लाकडाचं

चार मापं लागतात. घरातल्या कुणाला तरी टेप धरायला बसवा, एकट्यानं ही मापं नीट येत नाहीत.

पहिलं, ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी. कोपर काटकोनात वाकवा आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजा. मोठ्या माणसाचं हे माप साधारण ३३ ते ३६ सेमी येतं. नेमबाजीचं जाड जॅकेट घालणार असाल तर ते अंगावर चढवूनच रायफल खांद्याला लावून बघा. जॅकेट एक-दीड सेमी सहज खातं.

दुसरं, गालाची उंची. इथे मोजपट्टीपेक्षा ही पद्धत बरी. सध्याच्या दस्त्यावर गाल टेकतो तिथे पुठ्ठ्याचे तुकडे थरावर थर चिकटपट्टीनं लावा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल आरामात टेकवा आणि मग डोळे उघडा. साइट सरळ डोळ्यासमोर आली तर उंची जमली. वरून बघावं लागत असेल तर एक थर काढा, माशी दिसतच नसेल तर एक वाढवा. जमलेल्या पुठ्ठ्यांची जाडी मोजून वहीत लिहा. हे एकाच दिवशी ठरवू नका. सकाळी ताजी मान आणि संध्याकाळी कामावरून आल्यावरची मान यांत फरक पडतो.

तिसरं, मुठीपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. मूठ सैल धरल्यावर बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ मागे ओढलं जाईल असं बसलं पाहिजे. बोट तिरकं पडलं की नेम बाजूला जातो. चौथं, तोल. रायफल एका बोटावर आडवी धरून ती कुठे तोलली जाते तिथे खूण करा. नवा दस्ता जड झाला की ही खूण मागे सरकते आणि पुढचा भाग हलका वाटायला लागतो.

३. प्लायचा नमुना

मापं कागदावर आली की बाजूनं दिसणारा पूर्ण आकार ब्राउन पेपरवर खऱ्या मापात काढा. तो १२ मिमीच्या प्लायवर उतरवून कापा. दुकानातला उरलेला तुकडा चालतो, अख्खा शीट घ्यायची गरज नाही. हा प्लाय हातात धरा, खांद्याला लावा, गाल टेकवा. मूठ जवळ वाटली तर कापा, लांब वाटली तर तुकडा चिकटवा. लोक ही पायरी गाळतात, आणि मग शिसवीच्या ठोकळ्यावर शिकतात. प्लाय चुकला तर शंभर-दोनशे रुपये जातात.

४. लाकूड

दस्त्यासाठी जगभर अक्रोड वापरतात, कारण तो वजनाच्या मानानं मजबूत असतो आणि वाळल्यावर फारसा वळत नाही. काश्मिरी अक्रोडाचा चांगला ठोकळा मागवता येतो, पण महाग पडतो आणि पहिल्याच कामात तो वाया घालवणं जिवावर येतं. इथल्या लाकडांचा हिशोब असा.

शिसव दिसायला देखणी, घट्ट, स्क्रू धरून ठेवणारी. पण जड. शिवाय तिचा भुसा अनेकांना बाधतो. नाक गळतं, हातावर पुरळ येतं. मास्क लागतोच. साग हलका, हवामानाला कमी बदलणारा, पण त्यात तेल असल्यामुळे डिंक आणि इपॉक्सी चिकटायला कटकट करतात. त्यातले वाळूसारखे बारीक कण पटाशीची धारही लवकर खातात. आंबा स्वस्त, कोरायला सोपा. पहिला दस्ता आंब्याचा करा असं मी कुणालाही सांगेन, फक्त भुंग्याची बारीक भोकं नसलेला तुकडा निवडा. बाभूळ आपल्याकडे बैलगाडीपासून कुळवापर्यंत सगळीकडे वापरतात. ताकदीला तिला तोड नाही, पण जड आहे आणि वाळताना वळते. दस्त्यासाठी मी ती घेणार नाही. कडुनिंबाची रेषा उलटसुलट असते, रंधा मारला की सालटं निघतात.

माझी पसंती जुन्या सागाला. सोलापुरात जुने वाडे पाडले जातायत आणि त्यांचे वासे, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. कित्येक दशकं छपराखाली राहिलेलं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, त्याला जे वळायचं ते वळून झालेलं असतं. घेताना दोन गोष्टी बघा. एक, खिळे. चुंबक फिरवून प्रत्येक खिळा शोधा, नाहीतर वखारीतला माणूस आपल्या बँडसॉवर ते घेणारच नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दोन, वाळवी. टोकाला ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडा.

ठोकळ्याचं माप तीन फूट लांब, सात इंच रुंद, अडीच इंच जाड धरा. घनफुटात तो साधारण ०.३६ होतो, त्यामुळे भाव विचारताना गोंधळ होणार नाही. शिसवीचा असा ठोकळा सात-आठ किलो भरतो. तयार दस्त्यात त्याचा पाव हिस्साच उरतो, बाकी सगळं भुसा आणि तुकडे.

सगळ्यात महत्त्वाची रेषेची दिशा. दस्ता मोडतो तो जवळजवळ नेहमी मुठीमागच्या बारीक भागात, म्हणजे मनगटात. तिथे लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनं, मुठीच्या उतारासोबत धावल्या पाहिजेत. त्या आडव्या किंवा तिरक्या कापल्या गेल्या तर रायफल एकदा हातातून पडली की दोन तुकडे होतात. म्हणून प्लायचा नमुना ठोकळ्यावर ठेवून तो फिरवत, सरकवत मनगटाखाली सरळ रेषा येईल अशी जागा शोधा. मागच्या भागात देखणी नक्षी मिळाली तर बोनस. गाठ मनगटापासून आणि स्क्रूच्या जागेपासून लांब हवी.

ओलं लाकूड घेतलंत तर वाळवणं आलं. जाडीच्या प्रत्येक इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशोब. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लाकूड बाहेरून इतक्या लवकर सुकतं की टोकांना चिरा पडतात. म्हणून दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा आणि ठोकळा उन्हात न ठेवता घरातल्या सावलीच्या, वारं खेळणाऱ्या जागी खाली पट्ट्या देऊन ठेवा. दर आठवड्याला किराणा दुकानदाराच्या काट्यावर वजन करा. सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार.

५. हत्यारं

यादी लांब वाटेल, पण निम्मी हत्यारं एखाद्या सुताराकडून काही दिवसांसाठी मिळतात.

- करवत, आणि वळणांसाठी बारीक पात्याची करवत
- पटाश्या: ६, १२ आणि २५ मिमी, एक गोल पटाशी
- लाकडी मोगरी
- रंधा, गुण्या (काटकोन तपासायला), खतावणी (कडेला समांतर रेषा आखायला)
- लाकडाची जाड कानस, अर्धगोल कानस, गोल कानस
- ड्रिल मशीन आणि लाकडाचे बिट
- व्हर्निअर कॅलिपर
- तीन-चार क्लॅम्प
- धार लावायचा दगड
- ८० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर
- मास्क आणि चष्मा

बाकीच्या सगळ्यापेक्षा पटाशीच्या धारेवर जास्त वेळ घाला. पटाशी कागद अलगद कापत असेल तरच लाकडाला लावा. बोथट पटाशी जास्त जोर मागते, आणि जोरात सटकलेली पटाशी हातात जाते. टेबलाला शेगडा (व्हाइस) नसेल तर ठोकळ्याखाली जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून वरून क्लॅम्प आवळा. पकड चांगली बसते आणि लाकडावर खुणा पडत नाहीत.

सोलापुरात मागाच्या लाकडी भागांवर हात बसलेले जुने सुतार अजून आहेत. तसा एखादा ओळखीचा असेल तर त्याच्याकडे एक दुपार बसून या. कठीण लाकूड कोणत्या बाजूनं कापायचं हे तो पाच मिनिटांत दाखवेल.

६. रायफल जुन्या दस्त्यातून सोडवणे

रायफल रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे दोनदा तपासा. नळी मोडलेल्या, म्हणजे खाली वाकवून उघडलेल्या, अवस्थेत ट्रिगरला कधीच हात लावायचा नाही. स्प्रिंगवाल्या बहुतेक रायफलींना पुढे दोन बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन स्क्रू असतात. तेवढेच काढायचे. यंत्रणेच्या मागच्या टोकाची पिन किंवा टोपी खोलायची नाही. आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच बसवलेली असते आणि ती तोंडावर उडते.

प्रत्येक स्क्रू वेगळ्या पाकिटात, वर जागा लिहून ठेवा. मग व्हर्निअरनं सिलिंडरचा (पिस्टन आणि स्प्रिंग असलेल्या जाड नळीचा) व्यास, ट्रिगरच्या खोक्याची लांबी-रुंदी-खोली, नळी मोडताना खाली येणाऱ्या दांडीची रुंदी आणि प्रवास, सगळं मोजा. जुना दस्ता जपून ठेवा. तो तुमचा नकाशा आहे.

७. मधली रेषा

ठोकळ्याच्या सगळ्या बाजू रंध्यानं सपाट आणि एकमेकींशी काटकोनात करून घ्या. मग खतावणीनं वरच्या बाजूवर, दोन्ही टोकांवर आणि खालून अशी एकच मधली रेषा गोल फिरवा. पुढची प्रत्येक गोष्ट या रेषेवरून मोजायची आहे, म्हणून ती पेन्सिलीनं नको, सुरीच्या टोकानं कोरा.

आता क्रमाबद्दल. नवखे लोक आधी बाहेरचा आकार कापतात आणि मग आत खोबण करायला जातात. उलटं करा. ठोकळा चौकोनी असेपर्यंत त्याला क्लॅम्प बसतो, गुण्या लागतो, ड्रिल सरळ उतरतं. बाहेरून गोलाई आली की यातलं काहीच जमत नाही.

८. बैठक कोरणे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. रायफलीचा धातू लाकडात नीट बसला नाही तर प्रत्येक गोळीला तो किंचित हलतो. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन धावताना एकदा मागे आणि पोहोचताना एकदा पुढे असे दोन धक्के बसतात, म्हणून तिला सैल बैठक अजिबात चालत नाही.

सिलिंडरची जागा आखून घ्या. रुंदीला एक-दोन मिमी आतल्या बाजूला भोकांची रांग पाडा. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर भोक खालून बाहेर येईल. भोकांमधलं लाकूड पटाशीनं काढा. तळ गोल लागतो, त्यासाठी गोल पटाशी. शेवटी सिलिंडरपेक्षा थोड्या बारीक पाइपला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेनं घासा. ट्रिगरच्या खोक्यासाठी खोल खोबण आणि नळीच्या दांडीसाठी पुढच्या भागात आरपार फट. या फटीच्या दोन्ही बाजूंना किमान ६-७ मिमी लाकूड उरू द्या. इथे पातळ केलं की पुढचा भाग चिरतो.

साधारण जागा झाली की खरं काम सुरू. दिव्यावर ताटली धरून काजळी जमवा आणि त्यात थोडं तेल मिसळा. सिलिंडरच्या खालच्या भागाला बोटानं अगदी पातळ थर लावा. रायफल सरळ वरून खोबणीत ठेवा, तळहातानं हलकी थापटी मारा आणि सरळ वर उचला. डगमगवत उचललीत तर खुणा खोट्या येतात. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच खरवडा. पुन्हा ठेवा, पुन्हा उचला. लिपस्टिकही याच कामाला चालते, पण ती कुणाची घेतली हे घरी कळलं तर पुढचं काम गच्चीवर करावं लागेल.

सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात. हळूहळू ते वाढतात, पसरतात, आणि एक वेळ अशी येते की तळाला सगळीकडे सारखा काळा छटा उमटतो. तिथे थांबा. इथे हातोडी वापरून धातू आत बसवायचा मोह होतो. नका करू. जबरदस्तीनं बसलेली रायफल पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकते, आणि काढताना कडा तुटतात.

बाजूच्या भिंतींना केसाएवढी मोकळीक राहू द्या. जिल्हा पर्जन्यछायेतला असला तरी जुलै-ऑगस्टची हवा आणि मे महिन्याची हवा यांत फरक आहे, लाकूड तो फरक दाखवतं. बैठक खालून घट्ट हवी, बाजूंनी नाही.

९. स्क्रू आणि पिलर

स्क्रूची भोकं अर्धा मिमी जरी चुकली तरी रायफल ओढून बसते. मागच्या स्क्रूसाठी सोपी युक्ती: त्याच आट्याचा एक स्क्रू कापून त्याला टोक काढा आणि रायफलीच्या खालच्या भोकात टोक बाहेर राहील असा फिरवा. रायफल बैठकीत ठेवून दाबलं की लाकडावर बरोबर जागी टोचा पडतो. पुढच्या बाजूच्या स्क्रूंसाठी आतून बाहेर बारीक भोक पाडा, मग बाहेरून मोठं करा.

लाकूड दाबलं जातं, धातू नाही. त्यामुळे स्क्रू नुसत्या लाकडावर आवळले तर काही दिवसांनी सैल होतात. उपाय म्हणजे पिलर. १० ते १२ मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी किंवा ॲल्युमिनियमची नळी, लाकडाच्या जाडीएवढी कापलेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे गेलात तर कुठलाही लेथवाला करून देईल. ती भोकात इपॉक्सीनं बसवा, स्क्रू तिच्यातून जाऊ द्या.

बैठकीत तळाला थोड्या पोकळ्या राहिल्याच असतील तर तिथेही इपॉक्सीचा थर देता येतो. अराल्डाइटचं हळू सुकणारं जोडपाकीट घ्या, पाच मिनिटंवालं नको. उन्हाळ्यात ते आणखी लवकर घट्ट होतं, म्हणून काम संध्याकाळी गारव्यात करा. साग किंवा शिसव असेल तर चिकटवायच्या जागा आधी थिनरनं पुसून घ्या. आणि त्याआधी रायफलीच्या धातूला मेणाचं पॉलिश दोनदा नीट लावा, प्रत्येक भोक आणि खाच मुलांच्या क्लेनं बुजवा. पॉलिश एका ठिकाणी राहून गेलं की रायफल दस्त्यात कायमची चिकटली. मग करवतीशिवाय ती निघत नाही.

१०. बाहेरचा आकार

आता प्लायचा नमुना बाजूला लावून आकार आखा आणि कापा. वखारीत बँडसॉ असेल तर त्यांच्याकडून हे एकच काम करून घ्यायला हरकत नाही, फक्त रेषेपासून तीन-चार मिमी बाहेर कापायला सांगा. बाकी हातानं.

गोलाई थेट गोल कानस फिरवून येत नाही. आधी चारी कोपरे ४५ अंशांत उतरवा, आठ बाजू दिसतील. मग त्या आठांचे कोपरे उतरवा, सोळा होतील. त्यानंतर कानस. असं केलं की दोन्ही बाजू सारख्या राहतात. मधली रेषा अजून दिसत असली पाहिजे, पुसली गेली तर पुन्हा कोरा.

मनगटाचा घेर साधारण १२ ते १३ सेमी बरा, पण तो शेवटपर्यंत जाड ठेवा आणि हातात धरून-धरून कमी करा. गालाच्या जागेचंही तसंच. दर काही मिनिटांनी रायफल बसवून खांद्याला लावा. डोळे मिटून, मग उघडून. वहीतल्या आकड्यापेक्षा या क्षणी गाल काय म्हणतो त्यावर जा. वाढत्या पोरासाठी असेल तर दस्ता दोन-तीन सेमी आखूड ठेवा आणि मागे लाकडाच्या पातळ चकत्या लांब स्क्रूनं जोडता येतील अशी सोय करा. दरवर्षी एक चकती वाढवायची.

रंधा किंवा कानस मारताना सालटं निघाली तर दिशा उलटी आहे. रेषा उताराकडे जाते त्या दिशेनं कापा. मनगटापाशी ही दिशा बदलते, तिथे दोन्ही बाजूंनी मध्याकडे या.

११. घासणी आणि तेल

८०, १२०, १८०, २४०, ३२०. नंबर गाळू नका. ८० च्या ओरखड्यांवर थेट ३२० फिरवला तर सगळं गुळगुळीत वाटतं, आणि तेलाचा पहिला हात लागला की ओरखडे ठळक उठून दिसतात. २४० नंतर ओल्या फडक्यानं लाकूड पुसा आणि वाळू द्या. बारीक लव उभी राहील, ती ३२० नं काढा. हे दोन-तीनदा केलं की लव उठायची थांबते. शेवटी ४००.

तेलासाठी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात मिळतं. जेवणातलं कच्चं जवसाचं तेल वाळायला फार वेळ घेतं, आणि खोबरेल तेल कधीच वाळत नाही. तेलकट दस्ता उन्हाळ्यात हातातून सटकतो. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं मिसळून पातळ लावा म्हणजे तो आत मुरेल. पुढचे हात नुसत्या तेलाचे, अगदी थोडं घेऊन तळहातानं चोळून. वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा आणि किमान एक दिवस थांबा. सहा-आठ हात पुरतात. वर तेलाचा चिकट थर साचू दिलात तर धूळ बसते.

शिसवीवर तेल वाळायला त्रास देतं, कारण तिच्यातली नैसर्गिक द्रव्यं आड येतात. तिच्यावर आधी लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात द्या, मग तेल. नुसतं लाखेचं पॉलिश मात्र मी देणार नाही. दिसायला चकाचक, पण मे महिन्यात घामाच्या हातांनी दोन तासांत डाग पडतात.

बैठकीच्या आतल्या बाजूला, भोकांत आणि मागच्या टोकालाही तेल लावायला विसरू नका. बाहेरून सीलबंद आणि आतून कोरं लाकूड पावसाळ्यात वाकतं.

आता एक धोक्याची सूचना, आणि ही गंभीरपणे घ्या. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर तेल हवेशी संयोग पावताना स्वतःच तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. पत्र्याच्या खोलीत, सोलापूरच्या दुपारी, हा धोका आणखी वाढतो. प्रत्येक फडकं उलगडून मोकळ्या हवेत एकेक करून वाळत घाला, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून मगच टाका.

१२. जोडणी आणि तपासणी

तेलाचा शेवटचा हात होऊन आठवडा गेला की रायफल बसवा. स्क्रू आळीपाळीनं थोडे-थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. प्रत्येक स्क्रूचं डोकं आणि दस्ता यांवर रंगाचा बारीक ठिपका आडवा द्या. स्क्रू फिरला की ठिपका तुटलेला दिसतो.

जुन्या दस्त्यावर १० मीटरवर पडलेले कागद ठेवलेले असतील तर आता कामाला येतील. तेच छरे, तेच अंतर, मागे तोच जाड लाकडी किंवा लोखंडी सापळा, आणि वाटेत कुणी येणार नाही अशी बंद जागा. स्प्रिंगची रायफल कडक टेकूवर ठेवून मारू नका. डाव्या तळहातावर सैल ठेवा, नाहीतर दस्त्याचा दोष कोणता आणि टेकूचा कोणता हे कळणार नाही.

साइट पुन्हा लावावी लागेल, कारण गाल आणि डोळा दोघांची जागा बदलली आहे. गट सगळा एका बाजूला पण घट्ट असेल तर ते साइटचं काम, लाकडाचं नाही. गट उभा पसरत असेल तर आधी स्क्रूचे ठिपके बघा, मग रायफल काढून बैठकीत काजळी लावून पुन्हा तपासा. पहिल्या दोनशे-तीनशे गोळ्यांत लाकूड थोडं दबतं आणि स्क्रू एक-दोनदा आवळावे लागतात. पिलर बसवले असतील तर ते तिथेच थांबतं. पुढच्या पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये, रायफल एकदा काढून बाजूच्या भिंती कुठे घासतायत का ते पाहा. घासल्या असतील तर तेवढीच जागा ३२० नं मोकळी करून तेल लावा.